पूरवहीची रंगीत तालीम

१. पेटी क्रमांक एक

रविवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी पेटी क्रमांक एक उघडली, आणि जी वस्तू पुरातून वाचवण्यासाठी एवढी तालीम केली, नेमकी तीच नाहीशी झाल्याचं दिसलं. बाकी तालीम यशस्वी झाली होती.

बदलापूर पश्चिमेला, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, नदीवेस सार्वजनिक वाचनालय आहे. आदल्या दिवशी तिथल्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : 'उद्या सकाळी आठला पुराची रंगीत तालीम. सर्वांनी यावे.' त्यामुळे साठ माणसं आली. त्यातली चाळीस नाटक बघायला आली होती. 'पूर' हे नाटक सामाजिक आहे की विनोदी, मध्यंतरात चहा आहे का, अशी चौकशी करत त्यांनी पुढच्या खुर्च्या धरल्या. सरकारी भाषेत रंगीत तालीम म्हणजे संकट आलंय असं समजून करायची कवायत, हे ग्रंथपाल स्वप्नाली भोपीनं समजावून सांगितल्यावर निम्मे उठून गेले. उरलेल्यांच्या हातात तिनं पेट्या दिल्या.

योजना तिचीच. एकवीस कलमांची, दोन वर्षं खपून लिहिलेली. कोणती पुस्तकं आधी उचलायची, कुठं न्यायची, भिजलेली कशी सुकवायची, सगळं त्यात होतं. कार्यकारिणीनं ती एकमतानं मंजूर केली होती. एकमत व्हायचं कारण एवढंच की कोणी ती शेवटपर्यंत वाचली नव्हती.

पेटी क्रमांक एकमध्ये पूरवही होती. खाकी कापडाच्या बांधणीची, हातभर लांब. वाचनालयाचे पहिले कार्यवाह रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. नदीला पूर आला की पाणी कुठवर चढलं ते त्यांनी या वहीत लिहून ठेवलं, ऑफिसातल्याच पेन्सिलीनं. त्यांच्यानंतरच्यांनी तोच शिरस्ता पाळला. दोन हजार पाचला सगळं गाव नद्या-नाल्यांना शिव्या देत असताना इथला शिपाई पायऱ्या मोजत उभा होता.

सकाळी सव्वाआठला स्वप्नालीनं सगळ्यांदेखत वही प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी पेटीत ठेवली. साडेनऊला चहासाठी दहा मिनिटं थांबले, तेव्हा पेट्या व्हरांड्यात होत्या. मग त्या हातोहात गच्चीवरच्या खोलीत गेल्या. अकरा पाचला पिशवी उघडली तर आत वही होती. खाकीच, हातभरच. फक्त कोरी.

"कोणीतरी बदलली," स्वप्नाली म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, त्यामुळे सगळे घाबरले.

संध्याकाळी पाचला सर्वसाधारण सभा होती. ठराव एकच : अठरा हजार पुस्तकं घेऊन वाचनालय 'नदीदर्शन हाइट्स' या नव्या इमारतीच्या तळमजल्यावर हलवायचं. बिल्डर मोठा हॉल देणार होता. तळमजला पाण्याखाली जातो, हे दाखवायला स्वप्नालीकडं एकच पुरावा होता. तो आता कोरा झाला होता.

२. पहिला प्रश्न

दारावर भीमराव बसले होते. अंबरनाथच्या अग्निशमन केंद्रात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. तालमीचे निरीक्षक म्हणून स्वप्नालीनं त्यांना बोलावलं होतं. कलम चौदाप्रमाणे बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी ते तपासत होते. नाटक बघायला आलेल्यांनी याबद्दल बरंच काही सुनावलं होतं. एका आजींच्या पिशवीत अळूच्या गड्ड्या निघाल्या, तेव्हा भीमरावांनी अळूची चवही विचारली.

"काका, बाहेर गेली असेल का?" स्वप्नालीनं विचारलं.

"माझ्यासमोरून वही गेली असेल तर मी उद्यापासून चष्मा लावून झोपेन. आतच आहे."

अर्धा तास शोधाशोध झाली. कपाटं, माळा, न्हाणीघर, मासिकांचे गठ्ठे. एका कपाटामागं सन नव्वदमध्ये हरवलेला एक कथासंग्रह सापडला आणि त्यासाठी ज्यांच्यावर संशय होता त्या सभासदाची आठवण काढून सगळे हळहळले. ते वारले होते. वही सापडली नाही.

"पाच वाजायला पाच तास आहेत," भीमराव म्हणाले. "चहाच्या वेळी व्हरांड्यात कोण कोण होतं?"

बाकीचे अंगणात टपरीवाल्याभोवती होते. व्हरांड्यात चार जण : अध्यक्ष रघुनाथ सुरोशे सर, कार्यवाह सुजित, लिपिक किर्ती आणि उल्हासनगर कॅम्प दोनचा बाइंडर टेकचंद. जून लागला होता, म्हणून किर्तीनं घरच्या झाडाची जांभळं आणली होती. बदलापूरचं जांभूळ म्हटल्यावर हात आखडता कोण घेणार? चौघांचीही बोटं जांभळी होती.

"पोलिसांना कळवू या का?" सुजितनं विचारलं.

"कळवू. ते पंचनामा करतील, वही सापडेल, आणि तोवर तुमच्या तळमजल्याला दोनदा रंग देऊन झालेला असेल." भीमरावांनी खिशातून डायरी काढली. "एकेक जण या. रांगेत. कवायतीची सवय झालीच आहे."

३. चार जण, आठ हात

पहिला सुजित आला. वय चाळीस, व्यवसाय फ्लॅट दाखवणं. नदीदर्शनची जागा त्यानंच आणली होती, त्यामुळे तोच चोर, असं अंगणातल्या मंडळींनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"काका, सरळ बोलतो. मला ती वही नकोच होती. पण चोरून काय करू? तिच्यातलं कोणाला वाचता येतं? पेन्सिल पार उडालीय. ही स्वप्नाली भिंग घेऊन, वही खिडकीत तिरकी धरून वाचते. सभेत असं वाचायला लागली असती तर लोक अर्ध्यात उठले असते. आणि दोन हजार पाच हा अपवाद होता."

"वहीत किती पूर आहेत?"

"सात," सुजित म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं.

"म्हणजे अपवाद सात वेळा झाला. नव्या हॉलला नाव कोणाचं देणार?"

"ते बिल्डरनं सरांवर सोडलंय. पितळेची अक्षरं लावणार म्हणे, फूटभर उंचीची. बोटांकडं काय बघताय? जांभळं आहेत. अर्धी टोपली मी एकट्यानं संपवली. विचारा किर्तीला."

किर्ती आली ती रागातच.

"मला माहितेय सगळे काय बोलतायत. कलम सहा : पूरवहीच्या प्रतीचं काम किर्तीकडे. मी केलं नाही, म्हणून मीच गायब केली. पण मी फोटो काढले होते यार, सॉरी, काका. तीनदा काढले. बघा." तिनं मोबाइल पुढं केला. पडद्यावर राखाडी ढग दिसत होते. "पेन्सिल उमटतच नाही. मॅडमना सांगायची हिंमत झाली नाही, एवढाच माझा गुन्हा."

"आज दुसरं काय काम होतं?"

"यादीचं. सुकवण्याचं प्रात्यक्षिक दाखवायला मागच्या अंगणात टब ठेवला होता ना? त्यात रद्द केलेली पुस्तकं भिजवायची होती. टेकचंदभाईंनी आणली. बारा. ही सही."

टेकचंद साठीचा. तीन पिढ्या कॅम्प दोनमध्ये बांधणीचं काम करणारा. मराठी, हिंदी आणि सिंधी या तिन्ही भाषा तो एकाच वाक्यात बांधायचा, आणि बांधणी कधी सुटायची नाही.

"साईं, मेरे को वही का क्या करना है? त्या वहीची शिलाई माझ्या दादाने केली, मतलब आजोबाने. हाताने. आजकल कोण करतो? चोरी करायची असती तो मैं शिलाई चोरता!"

"टबाजवळ कोण गेलं होतं?"

"सब लोग. हाथ-बीथ धोने को. मी बोललो, अरे, हा किताबांचा पाणी आहे. पण सुनता कौन है? एक वो झाडूवाली कौसाबाई ऐकते. तिने तर हातमोजे पण घातले. बाकी सगळे हसले."

शेवटी सुरोशे सर. चौतीस वर्षं शिक्षक, त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापक. अर्ध्या बदलापूरला त्यांनी पाढे शिकवले आणि उरलेल्या अर्ध्याला अंगठे धरायला लावले. कार्यकारिणीत स्वप्नालीच्या योजनेच्या बाजूनं बोलणारे ते एकटेच. आत आल्यावर त्यांनी आधी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरीनं जीव ओतला होता हो. मी म्हटलं होतं, सभेत वही दाखव, मी तुझ्या पाठीशी आहे. पण भीमराव, जे वाहून गेलं ते गेलं. आता कोणावर आळ घेऊन काय साधणार? सभा शांतपणे पार पाडू."

"चहाच्या वेळी तुम्ही काय करत होतात?"

"जांभळं खात होतो. मधुमेहाला चांगली. हे बघा ना, बोटं." त्यांनी हात पुढं केला आणि लगेच रुमालानं पुसला. रुमालाला काही लागलं नाही.

भीमरावांनी डायरीत चार ओळी लिहिल्या आणि बराच वेळ त्यातल्या एकाच शब्दाकडं बघत बसले.

"काका," स्वप्नालीनं हळूच विचारलं, "काही कळलं?"

"मी चुकलो. आमच्याकडं आगीची वर्दी आली की आग केवढी आहे हे नंतर विचारतात. पहिला प्रश्न असतो, पाणी कुठं आहे? तोच मी विचारला नाही."

आणि ते मागच्या अंगणाकडं निघाले.

४. कौसाबाईला कोणी विचारलं नाही

टबाजवळ कौसाबाई खराटा घेऊन उभी होती. ती वाचनालयाची झाडलोट करते. तालमीत ती कोणाच्याच यादीत नव्हती. स्वप्नालीनं शनिवारी सगळ्यांना प्रशिक्षण दिलं, तेव्हा ती फरशी पुसायला म्हणून तिथं होती. एकवीसच्या एकवीस कलमं शेवटपर्यंत तिनंच ऐकली.

"मावशी, सकाळपासून तुम्ही इथंच?" भीमरावांनी विचारलं.

"मंग कुठं? चायला गेले तेवरंच. मना कोनी इचारलं का? चार जनांना खुर्चीवर बसवून इचारलंव, कौसा काय टबात बुडली व्हती?" तिनं खराटा टबाकडं रोखला. "ते पानी बघा. मी सवच्छ भरलेलं. कोनीतरी जांभलाचं हात धुतलं यात. मी बोंबलतंय, पर आयकतंय कोन!"

टबातलं पाणी जांभळट झालं होतं.

भीमराव खाली वाकले. मग त्यांनी असं काही मागितलं की स्वप्नालीला वाटलं, काकांना ऊन लागलं.

"एक लिंबू मिळेल का?"

लिंबू आलं. त्यांनी एका पेल्यात टबातलं पाणी घेतलं, दुसऱ्या पेल्यात साधं पाणी घेऊन त्यात टोपलीच्या तळाचं एक जांभूळ चुरडलं. दोन्हींत लिंबू पिळलं. जांभळाचं पाणी बघता बघता लालसर गुलाबी झालं. टबातलं होतं तसंच जांभळं राहिलं.

"माझ्या आईला कोकमाच्या आणि जांभळाच्या डागांचा भारी राग," भीमराव म्हणाले. "लिंबू लावून ती रंग बदलायची आणि मग आम्हाला बडवायची. हे जांभूळ नाही. स्वप्नाली, तुझे ते पहिले कार्यवाह रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते ना?"

"हो."

"पार्सलवर पत्ता लिहायला एक पेन्सिल असायची. कोरडी असते तोवर करडं लिहिते. पाणी लागलं की जांभळं होतं आणि मग सात जन्मांत पुसत नाही. आमच्या साठ्याच्या चिठ्ठ्या तिनंच लिहायचो. ओठाला लावून लिहिणाऱ्याचे ओठ आठवडाभर जांभळे."

स्वप्नालीनं टबाच्या कडेला हात टेकला. "म्हणजे वही..."

"या पाण्यात गेली. चोराला ती बाहेर नेता येत नव्हती, दारावर मी होतो. लपवली तर सापडली असती. म्हणून त्यानं ती बाद पुस्तकांत भिजत घातली. तालमीतच मेली असती बिचारी, आणि तालमीत मेलेल्याची चौकशी कोणी करत नाही. मावशी, भिजलेली पुस्तकं तुम्ही काढली?"

"मीच. हातमोजं घालून. उघडायचं नाय, पानं फाटतात. दाबायचं नाय. एकेक पुडकं प्लास्टिकमंदी गुंडाललं आन् थंड पेटीत धाडलं. कलम नव."

कलम नऊवर कार्यकारिणी सर्वांत जास्त हसली होती. भिजलेली पुस्तकं लगेच सुकवता येत नसतील तर गोठवायची. गोठली की बुरशी थांबते, शाई पसरायची थांबते, मग सवडीनं एकेक सुकवता येतं. त्यासाठी स्वप्नालीनं चौकातल्या राजसीच्या आइस्क्रीमच्या दुकानातला एक फ्रीझर बोलून ठेवला होता. "पुस्तकांची कुल्फी करणार काय?" हा सुजितचा विनोद इतिवृत्तात नोंदलेला आहे.

"रिक्षानं गेलात ना मावशी, साडेदहाला?" भीमरावांनी डोक्याला हात लावला. "दारात मीच सोडलं तुम्हाला. पुडकी उघडायची नाहीत म्हणालात, मी उघडली नाहीत. चष्मा लावून झोपावं लागणार. किती पुडकी होती?"

कौसाबाईनं कंबरेची पिशवी उघडून राजसीची चिठ्ठी काढली. 'पोच : १३.'

किर्तीच्या यादीत भिजवलेली पुस्तकं बारा होती.

५. कुल्फीच्या शेजारी

स्वप्नाली आणि भीमराव चौकात पोचले तेव्हा राजसी दुकानात नव्हती. तिची सासू होती, आणि सासूच्या मते रविवारी दुपारी फ्रीझरमध्ये पुस्तकं ठेवणं हा शुद्ध गाढवपणा होता.

"माल यायचाय आमचा! अर्धी पुडकी मी काढून बाहेर ठेवली."

स्वप्नालीनं पुढचं ऐकलंच नाही. दुकानाच्या मागं, उन्हात, पायरीवर सहा पुडकी होती. तिनं एकेक उचलून लांबी बघितली. नाही. नाही. सहाही नाहीत. ती आत आली, फ्रीझरचं झाकण वर केलं आणि मटका कुल्फीच्या मागं कोपरापर्यंत हात घातला. हातभर लांबीचं एकच पुडकं होतं. प्लास्टिकमधून खाकी कापड दिसत होतं.

तिनं ते छातीशी धरलं. सुरवातीला भीमरावांना वाटलं, आता ही फाडून उघडणार. तिची बोटं गाठीपर्यंत गेलीसुद्धा. मग ती थांबली.

"उघड की," सासू म्हणाली.

"नाही. कलम नऊ," स्वप्नाली म्हणाली. "टेकचंदभाई उघडतील."

"टेकचंद संशयित आहे," भीमरावांनी आठवण करून दिली.

"मग त्यांना आधी सोडवा, काका. लवकर. पावणेतीन झालेत."

वाचनालयात चौघं टेबलाभोवती बसली होती. पुडकं बघून सुजित उभा राहिला, किर्तीनं तोंडावर हात ठेवला, टेकचंद "साईं!" म्हणाला. सरांनी रुमाल काढून पुन्हा बोटं पुसली.

"मंडळी," भीमराव म्हणाले, "ज्यानं वही पाण्यात घातली त्याच्या बोटांना पेन्सिलीचा रंग लागला. तो जात नाही. पण तो नशीबवान. आज इथं सगळ्यांचीच बोटं जांभळी आहेत, आणि सगळे म्हणतात जांभळं खाल्ली. तर आता कृपा करून सर्वांनी जीभ दाखवा."

"काय?"

"जीभ. डॉक्टरला दाखवता तशी. आऽऽ."

वाचनालयाच्या इतिहासात असा प्रसंग आला नव्हता. 'शांतता राखा' या पाटीखाली कार्यवाहानं जीभ बाहेर काढली. जांभळी, मुळापर्यंत. किर्तीची जांभळी. टेकचंदनं काढली आणि वर डोळेही मिटले. गडद जांभळी.

सुरोशे सर बसून राहिले.

"सर," भीमराव हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही मास्तर. रिकाम्या पाटीवर गुण देता येत नाहीत."

"मी ही थट्टा सहन करणार नाही."

"बरं, जीभ राहू द्या. हात द्या. लिंबू आहे माझ्याकडं." लिंबू टेबलावर ठेवत ते म्हणाले, "सकाळपासून सगळे म्हणतायत, वही चोरीला गेली, गायब केली. सुजित म्हणाला, किर्ती म्हणाली, अख्खं अंगण म्हणालं. तुम्ही एकटेच म्हणालात, वाहून गेली. तेव्हा वही पाण्यात गेल्याचं कोणी म्हटलं नव्हतं, सर."

 सरांनी हात टेबलावर पालथा ठेवला. लिंबू लावायची गरज उरली नाही.

"चौतीस वर्षं," ते म्हणाले, "शाळेच्या दारावर दुसऱ्याचं नाव वाचत आत गेलो. ज्यानं शाळेला जमीन दिली त्याचं. त्याला सही करता येत नव्हती. बिल्डर म्हणाला, सर, तुमचं नाव लावू. फूटभर अक्षरं. मला वाटलं, पाणी काय रोज येतं? आणि ती वही तरी कोणाला वाचता येते. कोरी वही शाळेच्या जुन्या साठ्यातली; तुम्ही जांभळांवर तुटून पडलात, तेव्हा बदलली."

"मला येते," स्वप्नाली म्हणाली. तिचा आवाज आता साधा नव्हता. "सर, पाणी सात वेळा आलंय. तुमची अक्षरं पितळेची आहेत, ती टिकतील. पुस्तकं कागदाची आहेत."

सरांनी मान खाली घातली. त्यांनी शिकवलेल्या कोणीही ती मान खाली गेलेली यापूर्वी पाहिली नव्हती.

"सभेत सांगणार का तू?" त्यांनी विचारलं.

 स्वप्नाली टेकचंदकडं वळली. "भाई, हात धुवा. लिंबानंच धुवा."

६. चिंचेखाली किती पाणी

टेकचंदनं मोठ्या टेबलावर टिपकागद पसरला, पुडकं सोडलं आणि वही कुशीवर ठेवून तासभर तिच्याकडं नुसता बघत बसला. सुजितनं दोनदा घड्याळ दाखवलं. "साईं, बर्फ को टाइम लगता है, फ्लॅट नहीं है कि लगेच पझेशन," टेकचंद म्हणाला. साडेचारला त्यानं हाडाची पातळ पट्टी घेतली आणि कडा भिजून फुगलेल्या पानांत अलगद सरकवली.

"दादाची शिलाई," तो पुटपुटला. "आत पाणी जास्ती गेला नाही. बीच में सिर्फ नमी है. पण मॅडम... जरा इकडे बघा."

स्वप्नाली वाकली. सवयीनं तिनं भिंग उचललं होतं. ते तिनं खाली ठेवलं.

कडेला रंग पसरून जांभळी किनार झाली होती. पण मधल्या पानांवर, जिथं नुसती ओल पोचली होती, तिथं पन्नास-साठ वर्षांपूर्वीची करडी, उडालेली अक्षरं उठून आली होती. ठसठशीत जांभळी. चार हातांवरून वाचता येतील अशी. किर्तीनं न विचारताच मोबाइल काढला आणि पानापानाचे फोटो घ्यायला लागली. या वेळी ढग आले नाहीत.

"पुसायला घातली," भीमराव म्हणाले, "आणि शाई भरून मिळाली."

पाचला सभा सुरू झाली. एकशे दहा सभासद आले होते. सकाळची नाटकवाली मंडळीही होती, कारण चोरी झाल्याचं कळल्यावर प्रयोग रंगणार अशी त्यांची खात्री पटली होती. सुजितनं ठराव वाचला : प्रशस्त हॉल, संगमरवरी फरशी, नदीचं दर्शन. मग स्वप्नाली उठली. सगळ्यांना वाटलं, ही आता वही वाचणार. कोणी सांगावं, नावही घेणार.

"पूरवही सापडली आहे," ती म्हणाली. "ती अध्यक्ष वाचून दाखवतील."

एवढंच बोलून ती खाली बसली.

सुरोशे सर उभे राहिले. ती नाव घेणार नाही हे त्यांना कळलं, आणि न घेण्याची किंमत काय आहे तेही कळलं. त्यांनी चष्मा लावला. वर्गावर शेवटचा आवाज चढवून त्यांना सात वर्षं झाली होती, पण तो तसाच होता.

"'नदीकडील मोठी चिंच. बुंध्याशी पाणी कमरेइतके. दोन दिवस उतरले नाही.'" त्यांनी पान उलटायला हात नेला. टेकचंद खेकसला, "पट्टी! पट्टी से!" सरांनी मुकाट्यानं पट्टी घेतली. "'चिंचेशी पाणी छातीइतके. वाचनालयाची चौथी पायरी बुडाली.' पुढचं. 'चिंचेची खालची फांदी पाण्यात. पाचवी पायरी.'"

"ती चिंच कुठली हो?" मागून कोणीतरी विचारलं.

सरांनी पट्टी खाली ठेवली. "जिथं आता नदीदर्शन हाइट्स आहे, तिथली. तळमजल्याचा हॉल आहे ना, बरोबर तिथं. मी लहानपणी तिच्या चिंचा पाडल्यात."

सभेत कुजबुज सुरू झाली. सुजितनं टेबलाकडं बघितलं, वहीकडं बघितलं, मग उठून म्हणाला, "मी बिल्डरशी बोलतो. पहिला माळा मागू. दिला तर हॉल, नाही दिला तर आपल्या सात पायऱ्या बऱ्या." एका दलालानं स्वतःहून वरचा माळा मागण्याची तालुक्यातली ही पहिलीच वेळ असावी.

"नाव कोणाचं लावणार?" पुन्हा तोच मागचा माणूस.

"कोणाचं नाही," सर म्हणाले. "तिथं पाण्याच्या खुणा लावू. सात."

कौसाबाई दाराशी उभी होती. स्वप्नालीनं तिला हातानं बोलावलं आणि पहिल्या रांगेत, स्वतःच्या शेजारी बसवलं. हातमोजे अजून तिच्या पदरात खोचलेले होते.

"ठराव मताला टाकतो," सुजित म्हणाला. "तळमजल्याच्या विरोधात असतील त्यांनी हात वर करावेत."

हात वर गेले. आधी दहा, मग तीस, मग मोजायची गरज राहिली नाही. भीमरावांनी सवयीनं तरीही मोजले. एकशे दहापैकी एकशे नऊ सभासदांचे झाले, तेव्हा त्यांनी व्यासपीठाकडं पाहिलं.

अध्यक्षांना मत फक्त समसमान झालं तरच द्यायचं असतं. पण सरांचा हात वर होता, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा ताठ, आणि त्याची पाचही बोटं जांभळी होती.